अंदाजपंचे

सोमवारी सकाळी अकरा वाजता आमचं स्प्रिंट प्लॅनिंग असतं. पुढच्या दोन आठवड्यांत टीम काय काय संपवणार, हे ठरवायची बैठक. स्क्रीनवर एकेक काम येतं, कुणीतरी ते वाचून दाखवतं आणि मग तो प्रश्न येतो, जो मी गेली सहा वर्षं ऐकतोय : "किती दिवस लागतील?"

काही क्षण सगळे म्यूटवर. मग कुणीतरी म्हणतं, "तीन?"

त्या 'तीन'च्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं. कॉलवर ते स्पष्ट ऐकू येतं. पण तिकिटावर आकडा टाकायच्या चौकोनात प्रश्नचिन्ह बसत नाही. तिथे फक्त ३ उरतो. दोन आठवड्यांनी कुणी विचारतं, "तू तीन म्हणाला होतास ना?" आणि आपण म्हणालेलो असतोच.

मला बरेच दिवस छळणारा प्रश्न तसा साधा आहे. आपण सांगितलेला आकडा चुकला, तर आपण खोटं बोललो का? आकडा सांगतानाच तो चुकणार हे ठाऊक असेल, तर? आणि सांगताना ठाऊक नव्हतं, पण चार दिवसांनी कळलं आणि तरी आपण गप्प बसलो, तर?

०

लहानपणी कुणी मोघम बोललं की माझे आजोबा म्हणायचे, "अंदाजपंचे दाहोदरसे!" मला तो कुठला तरी मंत्र वाटायचा. पुढे कळलं की तो पाढा आहे. बावीस पंचे दाहोदरसे, म्हणजे २२ गुणिले ५ बरोबर ११०. त्यातले बावीस काढून तिथे 'अंदाज' बसवला की झाली म्हण. कशाला गुणायचं तेच माहीत नाही, उत्तर मात्र ठणठणीत : एकशेदहा. आमच्या वेळापत्रकांचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्याच मॅनेजमेंटच्या पुस्तकात वाचलेलं नाही.

मराठीत आपल्याकडे भविष्याबद्दल बोलायच्या निदान तीन तऱ्हा आहेत. 'पाऊस चारपर्यंत थांबेल' हा अंदाज. 'मी चारला निघणार आहे' हा बेत. 'चारला तुझ्या दारात असेन' हा शब्द. पाऊस थांबला नाही तर कुणी माझ्यावर रागावत नाही. बेत मोडला तर थोडी चेष्टा होते. शब्द मोडला तर मात्र माझ्याबद्दलचं मत बदलतं. तिन्ही वाक्यांत वेळ एकच आहे, चार. तरी तिन्हींत मी वेगवेगळ्या गोष्टींची जबाबदारी घेतोय.

एलिझाबेथ अ‍ॅन्सकम या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी १९५७ साली 'इंटेन्शन' नावाचं एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात एक उदाहरण आहे. एक माणूस बायकोने दिलेली यादी घेऊन बाजारात जातो. त्याच्या मागावर एक गुप्तहेर असतो आणि तो माणूस जे जे घेतो ते लिहून काढतो. शेवटी दोघांच्या हातात याद्या असतात आणि त्या तंतोतंत सारख्याही असू शकतात. फरक कुठे कळतो? चूक झाली की. पिशवीतल्या वस्तू आणि गुप्तहेराची यादी जुळत नसेल, तर गुप्तहेराने आपली यादी खोडून दुरुस्त करावी. पण पिशवी आणि बायकोची यादी जुळत नसेल, तर यादी खोडून भागत नाही. माणसाने परत दुकानात जायला हवं.

हे वाचल्यावर मला आमची तिकिटं आठवली. तिकिटावरचा तो ३, ही कुणाची यादी आहे? मी सांगतो तेव्हा ती गुप्तहेराची असते. मला जे दिसतंय त्याची नोंद. उद्या वेगळं दिसलं तर मी आकडा बदलेन. पण तो आकडा माझ्या तोंडून निघून मॅनेजरच्या एक्सेलमध्ये जातो. तिथे पाच जणांचे आकडे एकापुढे एक मांडले जातात, मध्ये शनिवार-रविवार वगळले जातात आणि खाली एक तारीख येते. ती तारीख एका स्लाइडवर जाते. स्लाइडवरून क्लायंटच्या मेलमध्ये : '१८ तारखेला मिळेल.' या प्रवासात कुणीही खोटं बोललेलं नाही. प्रत्येकाने वरच्याला हवं तेवढं सोपं करून सांगितलं, इतकंच. पण निघताना जी गुप्तहेराची यादी होती, ती पोचेपर्यंत वाणसामानाची यादी झालेली असते. आता जग वेगळं निघालं तर यादी दुरुस्त होणार नाही. मला दुकानात परत जावं लागेल, रात्री अकरा वाजता.

०

'तुम्ही लोक इंजिनिअर ना, मग साधा अंदाज का येत नाही?' हा प्रश्न मला घरीही विचारला गेलाय. त्याचं उत्तर एका कामावरून देतो.

एका अहवालात तारखेचा नवा रकाना वाढवायचा होता. मी दोन दिवस सांगितले. खरं तर मनात एकच होता. डेटा आहेच, फक्त दाखवायचाय. मग लक्षात आलं की आमचा सर्व्हर काही वर्षांपूर्वी क्लाउडवर हलवला होता. त्याआधीच्या नोंदींची वेळ भारतीय होती आणि नंतरच्या नोंदींची यूटीसी, म्हणजे साडेपाच तास मागे. रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान झालेला प्रत्येक नवा व्यवहार आदल्या दिवशी झाल्यासारखा दिसत होता. महिन्याच्या एक तारखेला झालेला तर थेट आदल्या महिन्यात. म्हणजे क्लायंटच्या आतापर्यंतच्या मासिक बेरजाही चुकलेल्या. आता प्रश्न एका रकान्याचा राहिला नव्हता. जुन्या बेरजा दुरुस्त करायच्या का, केल्या तर हिशेब बंद झालेल्या महिन्यांचं काय, हे ठरवायला तिघांची बैठक लागली. नऊ दिवस गेले.

आमच्या कामाची खोच इथे आहे. जे काम आधी एकदा झालंय ते पुन्हा करायला लागतच नाही, कोड कॉपी होतो. त्यामुळे जे काम उरतं ते नेहमी थोडंफार पहिल्यांदाच होत असतं. रस्ता माहीत असता तर अंदाजाची गरज नसती. आणि रस्ता माहीत होतो तो चालूनच.

त्यात आपला आशावाद. डॅनिअल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली याला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. पुढे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध पूर्ण व्हायला किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं, साधारण ३४ दिवस. मग विचारलं, सगळं काही जितकं वाईट होऊ शकेल तितकं झालं तर? उत्तर, साधारण ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५. म्हणजे या मुलांनी अगदी वाईटात वाईट चित्र रंगवलं, तेही वास्तवापेक्षा गुलाबी होतं.

पण मला जास्त विचारात पाडते ती काहनेमनने स्वतःची सांगितलेली गोष्ट. इस्राएलमध्ये ते आणि काही सहकारी शाळांसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करत होते. एकदा सगळ्यांनी कागदावर लिहून दिलं की अजून किती वेळ लागेल. सगळे आकडे दीड ते अडीच वर्षांच्या मधले. गटात अभ्यासक्रम तयार करण्याचे एक तज्ज्ञ होते. काहनेमनने त्यांना विचारलं, तुम्ही असे दुसरे गट पाहिले आहेत, त्यांना किती वेळ लागला? ते तज्ज्ञ गप्प झाले. मग म्हणाले की साधारण चाळीस टक्के गटांचं काम कधी पूर्णच झालं नाही आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. गंमत अशी की त्यांनी स्वतःही कागदावर अडीच वर्षांच्या आतलाच आकडा लिहिला होता. माहिती त्यांच्याच डोक्यात होती, पण आपल्या गटाबद्दल बोलताना ती वापरायची त्यांना सुचलं नव्हतं.

त्यानंतर काय झालं? काही मिनिटं चर्चा झाली आणि सगळे पुन्हा कामाला लागले, जणू कुणी काही बोललंच नव्हतं. पुस्तक आठ वर्षांनी पूर्ण झालं आणि कधी वापरलं गेलं नाही.

पहिला अंदाज चुकला, ही माणसाच्या मेंदूची मर्यादा. तिच्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही. पण ती काही मिनिटांची चर्चा आणि नंतरची शांतता, तिथे मला वेगळा वास येतो. तोवर सगळ्यांना कळलेलं होतं.

०

चुकीच्या अंदाजावर आमच्या धंद्याने उपाय शोधले नाहीत असं नाही. १९५८च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात पर्ट नावाची पद्धत आली. तिच्यात प्रत्येक कामाला एक नाही, तीन आकडे द्यायचे : सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर आणि सगळं बिघडलं तर. म्हणजे प्रश्नचिन्हासाठी रकाना होता! पण वर जाताना त्या तिघांची सरासरी काढायची असते, आणि सरासरी हा पुन्हा एकच आकडा.

नंतर स्टोरी पॉइंट आले. रॉन जेफ्रीज यांनी सांगितलेली हकिकत अशी की त्यांची टीम आधी 'आदर्श दिवस' मोजायची, म्हणजे कुणी मध्ये त्रास दिला नाही तर लागतील ते दिवस. प्रत्यक्षात त्याच्या तिपटीएवढा वेळ लागायचा. मग एका दिवसाच्या कामाला तीन दिवस कसे, असं वरचे विचारायचे. म्हणून त्यांनी 'दिवस' हा शब्दच काढला आणि 'पॉइंट' म्हणायला लागले. आज आम्ही मोबाइलवर पत्ते निवडतो, १, २, ३, ५, ८, १३, आणि पाच मिनिटांनी कुणीतरी विचारतंच : "पाच पॉइंट म्हणजे किती दिवस?" कदाचित मीच हे पॉइंट शोधून काढले असावेत, आणि तसं असेल तर मला त्याचं वाईट वाटतं, अशा अर्थाचं जेफ्रीज यांनीच पुढे लिहिलं.

शब्द बदलून प्रश्न सुटला नाही, कारण अडचण एककात नव्हतीच. समोरच्याला तारीख हवी होती आणि मला ती द्यायची भीती वाटत होती.

भीती वाटली की माणूस घासाघीस करतो. माझ्या पहिल्या वर्षी मी एका कामाला मनापासून विचार करून चार दिवस सांगितले. "दोनमध्ये होईल ना?" असं विचारलं गेलं. त्या वाक्यातलं 'ना' हे किती वजनदार असतं, ते तेव्हा कळलं. मी हो म्हणालो. साडेचार दिवस लागले. त्याच बैठकीत शेजारच्या सीनिअरने तसल्याच कामाला आठ सांगितले होते. ते कापून पाच झाले आणि त्याने चार दिवसांत दिलं. त्याचं कौतुक झालं, मी 'एस्टिमेशनमध्ये कच्चा' ठरलो. काम आम्हा दोघांनाही जवळपास सारखाच वेळ लागला होता.

नंतर त्याच सीनिअरने चहा पिताना मला शहाणं केलं. "अरे, मनातला आकडा कधी सांगायचा नाही. दुपटीने सांगायचा. ते निम्मा करणार. मग जमतं."

हे खोटं आहे का? बाजारात भाजीवाल्या मावशी ऐंशी म्हणतात, आपण पन्नास म्हणतो, साठवर मिटतं. तिथे कुणी कुणाला खोटारडं म्हणत नाही, कारण दोघांना खेळ माहीत आहे. आमच्या बैठकीतही मॅनेजरला माहीत असतं की मी वाढवलंय आणि मला माहीत असतं की तो कापणार. मग फसवलं कोण कुणाला?

बरीच वर्षं मी या युक्तिवादावर निभावून नेलं. आता तो मला दोन ठिकाणी गळका वाटतो. पहिलं म्हणजे, खेळ सगळ्यांना माहीत नसतो. नवीन आलेल्या पोराला नसतो आणि खरं बोलल्याची शिक्षा त्यालाच होते. खरं बोलणाऱ्याला जिथे आपोआप तोटा होतो, तिथे बाकीच्यांनी 'आम्ही तर फक्त नियम पाळतोय' म्हणून हात झटकणं बरं दिसत नाही. दुसरं, भावावरून घासाघीस केली तरी मेथीची जुडी तेवढीच राहते. इथे आकड्यावर दुसऱ्या कुणाचा तरी आठवडा उभा असतो. हे दुसरं मला फार उशिरा कळलं आणि ते शिकवायची किंमत मी भरली नाही.

०

एका प्रकल्पात ग्राहकाला पैसे परत करण्याचा, रिफंडचा भाग माझ्याकडे होता. मंगळवारपर्यंत मी कोड देणार, बुधवार ते शुक्रवार आमची टेस्टर तो तपासणार, शनिवारी रात्री रिलीज. तिचे तीन दिवस, माझे पाच. तारीख क्लायंटला गेलेली.

आदल्या शुक्रवारीच मला दिसलं होतं की मंगळवार गाठता येणार नाही. ज्या बाहेरच्या सेवेशी आमचा कोड बोलणार होता, तिच्या माहितीपुस्तिकेत एक उत्तर लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात वेगळंच येत होतं. सोमवारी सकाळच्या स्टँड-अपमध्ये मी म्हणालो, "ऑन ट्रॅक." मंगळवारी म्हणालो, "नव्वद टक्के झालंय." बुधवारी, "थोडंसं राहिलंय." गुरुवारीही थोडंसंच राहिलं होतं. आमच्या स्टेटसच्या तक्त्यात माझी ओळ सगळे दिवस हिरवी होती. आमच्या धंद्यात अशा प्रकल्पाला कलिंगड म्हणतात : बाहेरून हिरवं, आत लाल.

यातलं एकेक वाक्य तपासलं तर मी खोटं बोललो असं सिद्ध करणं अवघड आहे. 'थोडंसं' किती ते कुणी विचारलं नव्हतं. आणि मला खरोखरच वाटत होतं की आज रात्री होईल. रोज वाटत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी सातला मी कोड दिला. तिच्या तीन दिवसांची एक रात्र झाली होती, पण एक्सेलमध्ये अजून तीनच दिवस दिसत होते. ते कुणी बदलले नव्हते. शनिवारी सांगलीला तिच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता, रजा तिने महिनाभर आधी टाकलेली. ती रात्रीच्या बसने गेली आणि दुसऱ्या दिवशी मामाच्या घरी, पाहुण्यांच्या गराड्यात लॅपटॉप उघडून बसली. तिने सात चुका शोधल्या. आठवी सुटली : बटण घाईने दोनदा दाबलं तर रिफंड दोनदा जात होता. सोमवारी सकाळी क्लायंटचा फोन आला.

बुधवारी मूळ कारण शोधायची बैठक झाली. आमच्याकडे त्याचा एक कागद भरावा लागतो. त्यात 'कारण'च्या रकान्यात लिहिलं गेलं : 'टेस्टिंगमध्ये केस राहून गेली.' वाक्य खरं होतं. केस राहूनच गेली होती. मी त्या कॉलवर होतो, म्यूटवर. अनम्यूटच्या बटणावर बोट ठेवून होतो असं मला आठवतं. पण ते मी स्वतःला बरं वाटावं म्हणून नंतर रचलेलंही असेल.

तिने मला एकटं गाठून एवढंच विचारलं, "तुला मंगळवारी माहीत होतं ना?" मी म्हणालो, "शुक्रवारी. आदल्या." ती म्हणाली, "उशीर झाला त्याचं काही नाही रे. तू सांगितलं असतंस तर आम्ही रिफंड सोडून बाकीचं रिलीज केलं असतं. नाहीतर मी रजा तरी पुढे ढकलली असती. तू मला ठरवूच दिलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे, झालं ते झालं." कागद बदलला नाही. त्या वर्षीच्या तिच्या अप्रेझलमध्ये तो कागद कुणी उघडला की नाही, ते मला माहीत नाही. विचारायचं धैर्य झालं नाही.

फ्रेड ब्रुक्स १९६०च्या दशकात आयबीएममध्ये ओएस/३६० या प्रचंड कामाचे प्रमुख होते. १९७५ साली त्यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' लिहिलं. उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसं लावली तर तो आणखी लांबतो, हा त्यांचा नियम सगळ्यांना पाठ असतो. त्याच पुस्तकात वेळाची एक वाटणीही आहे, तिच्याकडे कमी लक्ष जातं : आखणीला एक तृतीयांश, कोड लिहायला एक षष्ठांश आणि उरलेला निम्मा वेळ तपासणीला. निम्मा! माझ्या पाच दिवसांपुढे तिचे तीन हेच मुळात उलटं होतं. तपासणी शेवटी येते, म्हणून आधीच्या सगळ्यांचा उशीर तिच्या वेळातून वळता होतो. उशीर असा कुठे विरून जात नाही. जो रांगेत शेवटी उभा असतो आणि ज्याला 'नाही' म्हणायची सोय कमी असते, त्याच्या खात्यात तो जमा होतो.

०

तिचं 'तू मला ठरवूच दिलं नाहीस' हे वाक्य मला माझ्या प्रश्नाचं उत्तर वाटतं.

माझा पाच दिवसांचा अंदाज चुकला, हा गुन्हा नव्हता. ती गुप्तहेराची यादी होती. पण गुप्तहेराचं एक कर्तव्य असतं : वेगळं दिसलं की यादी दुरुस्त करायची. मला शुक्रवारी वेगळं दिसलं आणि मी यादी तशीच ठेवली. त्या क्षणापर्यंत मी चुकलेला होतो. त्यानंतर मी फसवत होतो, एकही खोटं वाक्य न बोलता.

म्हणजे 'अठरा तारखेला होईल' हा शब्द मला देता येत नाही. ते माझ्या हातात नाही, जसा पाऊस नाही. पण 'होणार नाही असं मला ज्या दिवशी कळेल, त्याच दिवशी तुलाही कळेल' हा शब्द मी देऊ शकतो. तो पूर्णपणे माझ्या हातात आहे. त्यासाठी डोकं लागत नाही, अनुभव लागत नाही, फक्त सकाळी दहा वाजता एक अवघड वाक्य बोलायची तयारी लागते.

पावसाचं नाव निघालंच आहे तर : हवामान खातं एप्रिलमध्ये मान्सूनचा अंदाज देतं तेव्हा सरासरीच्या किती टक्के ते सांगतं आणि सोबत अधिक-उणे पाच टक्के असंही सांगतं. बातमीत ते अधिक-उणे गळतं. शेतकऱ्यापर्यंत 'यंदा पाऊस चांगला' एवढंच पोचतं आणि तो बियाणं आणतो. जुलै २०१७मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांनी अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याविरुद्ध चक्क पोलिसांत तक्रार दिली होती. तेव्हा अनेकांना हसू आलं. मला आता येत नाही. अंदाज सांगणाऱ्यासाठी तो आकडा असतो. ज्याने त्याच्यावर पेरणी केली त्याच्यासाठी तो शब्दच असतो.

म्हणून 'आम्हाला तारखा विचारूच नका' असं म्हणणाऱ्या माझ्या मित्रांशीही मी सहमत होऊ शकत नाही. काही तारखा जगाने ठरवलेल्या असतात. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला. त्या मध्यरात्री देशभरातल्या बिलिंग सॉफ्टवेअरला नवे दर माहीत असणं भाग होतं. 'अजून थोडंसं राहिलंय' म्हणून संसदेतला कार्यक्रम पुढे गेला नसता. अशा वेळी प्रामाणिकपणा म्हणजे तारीख नाकारणं नव्हे. तारीख हलणार नसेल तर काम किती कमी करायचं, हे वेळेवर सांगणं. आणि वेळेवर म्हणजे समोरच्याच्या हातात अजून पर्याय असताना.

पण सगळी जबाबदारी सांगणाऱ्यावरच टाकून मोकळं होणंही बरोबर नाही. मी पाच दिवस गप्प का होतो? लाल ओळीचं काय होतं ते मी पाहिलं होतं, म्हणून. लाल दिसली की रोज संध्याकाळी वेगळा कॉल लागतो, चार माणसं 'मदत' करायला येतात, आणि काम करायचा उरलेला वेळ 'का होत नाहीये' ते समजावण्यात जातो. ज्याच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे, ज्याचा प्रोजेक्ट सुटला तर तो बेंचवर जाणार आहे, त्याला 'खरं बोल' म्हणणं स्वस्त आहे. खरं ऐकून घेणं हेही एक नैतिक काम आहे आणि ते वरच्या खुर्चीचं आहे. ज्या खोलीत हिरवं म्हटलं तरच सुटका होते, तिथे सगळं हिरवंच ऐकू येणार.

०

गेल्या वर्षापासून आमच्या छोट्या टीमचं प्लॅनिंग मी घेतो. परवाच्या सोमवारी एका कामावर आम्ही थांबलो. ते नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलाकडे जाणार होतं. त्याने बराच विचार केला, वहीत काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "दादा, चार दिवस लागतील बहुतेक."

माझ्या समोर एक्सेल उघडं होतं. त्यात त्या कामासाठी दोन दिवसांची जागा होती. आणि माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, अगदी जिभेच्या टोकावर : "दोनमध्ये होईल ना?" ते कुठून आलं हे मला चांगलं ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी ऐकलेलं, सुरासकट तसंच.

मी ते गिळलं. विचारलं, "यात तुला कशाची खात्री नाही?"

तो जरा गोंधळला. मग म्हणाला की जुन्या ग्राहकांचा डेटा कसा आहे ते त्याने पाहिलेलं नाही. तो नीट असेल तर दोन दिवस पुरतील, नसेल तर आठवडाही जाईल. आम्ही ठरवलं की त्याने पहिला अर्धा दिवस फक्त डेटा पाहायचा आणि मंगळवारी दुपारी सांगायचं. तिकिटाच्या चौकोनात मी ४ टाकला, कारण काहीतरी टाकावंच लागतं. खाली शेऱ्यात लिहिलं : 'जुना डेटा पाहिलेला नाही. मंगळवारी आकडा बदलू शकतो.' टेस्टरला त्यात टॅग केलं.

मंगळवारी दुपारी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. चेहऱ्यावरूनच कळत होतं की आठवडा लागणार आहे. "सॉरी दादा," तो म्हणाला.

मी म्हणालो, "सॉरी कशाबद्दल? बस." आणि क्लायंटला पाठवायचा मेल आम्ही दोघांनी मिळून लिहायला घेतला.